दोन नंबरचं दार

कालव्याला पाणी सुटलं की मला ते आधी नाकाला कळतं. आठ-नऊ महिने कोरड्या पडलेल्या चारीत पहिलं पाणी शिरतं तेव्हा ते एकटं येत नाही. काडीकचरा, वाळल्या गवताच्या मुळ्या, उंदरांनी उकरलेली माती, कुणाची तरी तुटकी चप्पल असं सगळं पुढे ढकलत, फेसाची एक मळकट ओळ धरून ते सावकाश सरकतं. तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडल्यावर येतो तो हा वास नव्हे. हा थंडीतला, शिळ्या मातीचा, थोडा माशांचा, थोडा गंजक्या लोखंडाचा वास असतो. ज्वारी पोटरीत आलेली असते, गहू गुडघ्याखाली असतो, सकाळी तोंडातून वाफ निघते आणि गावोगाव एकच चौकशी चालू होते, पाणी कुठवर आलं.

या वासानं लोकांना प्रसन्न वाटत असेल. मला राग येतो. गेली तीस वर्षं येतो आणि मी त्याला येऊ देते.

परभणीत माझं पंपाचे स्टार्टर आणि कंट्रोल पॅनल दुरुस्त करायचं दुकान आहे. ज्या दिवशी रब्बीचं पहिलं पाणी आमच्या चारीला येतं त्या दिवशी मी दुपारी शटर ओढते, गाडी काढते आणि ताडकळसच्या रस्त्याला लागते. का, ते सांगायला मला इतका उशीर झाला आहे की आता सांगूनच टाकते.

आमचं गाव ताडकळसच्या थोडं अलीकडे. कालव्यातून एक चारी फुटते आणि रस्त्याच्या कडेनं खाली येते. तिला सहा दारं. दार म्हणजे काय, दोन खाचांत बसवलेला लोखंडी पत्रा. तो वर उचलून खिट्टी घातली की पाणी त्या शेतात वळतं, खाली सोडला की पुढे जातं. प्रत्येक दाराची पाळी ठरलेली. कागदावर असं सगळं अगदी सरळ होतं. पण दोन नंबरचं दार नानासाहेबांचं होतं आणि पाच नंबरचं आबांचं, माझ्या वडिलांचं. मधल्या अंतरात कागद भिजून जायचा.

नानासाहेबांचा ऊस होता, केळी होती, शेतात राहायला बंगल्यासारखा बांधलेला आखाडा होता. दार उचलायला त्यांच्याकडे दहा गडी होते. पण ते काम ते कधी गड्याला सांगत नसत. दुपारचं जेवण झालं की पानाचा विडा तोंडात धरून ते सावकाश चारीवर यायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं पत्र्याखाली घालून दार वर करायचे, भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघतो तसं. पाळी कुणाची आहे हे बघायचं कारण नव्हतं. पाणी आत वळलं की क्षणभर बघत उभे राहायचे. त्यात त्यांना सुख होतं. मी लहानपणापासून शाळेतून येताना ते सुख बघत आले होते. पाटकरी, म्हणजे दारांवर देखरेख ठेवणारा सरकारी माणूस, लांब लिंबाखाली बसून तंबाखू मळत असे. त्याला त्या बाजूला कधी दिसत नसे.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात आबांनी एक चूक केली. आपली पाळी असताना ते फावडं खांद्यावर टाकून वर गेले आणि दोन नंबरचं दार त्यांनी खाली सोडलं. तेवढ्यात नानासाहेब आले. त्यांनी शिवी दिली नाही, हातही उचलला नाही. आबांच्या हातातलं फावडं अलगद काढून घेतलं, कडेच्या लिंबाच्या फांदीत, रस्त्यावरून दिसेल असं अडकवलं आणि म्हणाले, "पाणी मागायला यायचं तर हात जोडून यायचं, महादू. फावडं घिऊन न्हाई."

आबा हात जोडून गेले नाहीत. त्यामुळे फावडं तिथेच राहिलं. दर आठवडी बाजाराला सगळं गाव त्या रस्त्यानं जायचं आणि वर बघायचं. आबा मात्र बाजाराला जाताना ढेकळातून, बांधाबांधानं, दीड कोस वळसा घालून जाऊ लागले. हे त्यांनी मला सांगितलं नाही. आईनं सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. गहू ओंबीवर यायच्या आधीच पिवळा पडायला लागला होता. मी सोमवारच्या एसटीनं परभणीला निघाले तेव्हा खिडकीतून ते फावडं मला दिसलं. दांड्यावर आबांच्या हाताचा काळा गुळगुळीत डाग होता. तो लांबून दिसणं शक्य नाही, पण मला दिसला. त्या खिडकीतच मी ठरवलं की या माणसाला मी चारचौघांत उघडं पाडीन. पाणी मिळो न मिळो.

आता थोडं यंत्राबद्दल. माझ्या दुकानात हल्ली तंत्रनिकेतनच्या मुली येतात. हातात बिस्किटाच्या पुड्याएवढा निळा बोर्ड, त्याला तीन वायरींची चिमुकली सर्वो मोटार. लॅपटॉपवरून प्रोग्रॅम टाकला की मोटारीचं पातं डावीकडे, मग उजवीकडे. मुली टाळ्या वाजवतात. मी त्यांना कौतुकानं चहा पाजते आणि मनातून जळते.

आमच्या वेळेला अख्ख्या विभागात मायक्रोप्रोसेसरचं एकच किट होतं आणि ते लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या टोपड्याखाली, कुलपात असे. परीक्षेच्या प्रॅक्टिकलला त्याचं दर्शन व्हायचं. एकेकाला दहा मिनिटं. त्याच्यावर सोळा आकड्या-अक्षरांची आणि थोड्या हुकमाच्या बटणांची पाटी आणि लाल आकड्यांची खिडकी, एवढाच त्याचा चेहरा. लाइट गेली की टाकलेलं सगळं पुसलं जाई आणि वहीतून पुन्हा पहिल्यापासून दाबत बसावं लागे. म्हणून मी बुटाच्या खोक्याच्या झाकणावर पेननं त्याची बटणं काढली होती. आत्याकडे राहायचे मी. तिच्या गच्चीवर वाळवणाशेजारी बसून त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवायचे. आत्याला वाटायचं मी पेटी शिकायलेय. परीक्षेपर्यंत मला वहीत न बघता दीडशे ओळी दाबता येत होत्या, त्याही पुठ्ठ्यावर, जिथे काही उमटत नव्हतं.

प्रयोगशाळेतले सहायक वाव्हळे सर. बारीक, सावळे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. त्यांनी मला त्या पुठ्ठ्यासकट व्हरांड्यात पकडलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पुठ्ठा हातात घेऊन बटणं मोजली, एक चुकलेलं दाखवलं आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते हैदराबादला सासुरवाडीला जाऊन आले. तिथल्या जुन्या बाजारात कुणाचं तरी पडून मोडलेलं खेळण्यातलं विमान त्यांना मिळालं होतं, दूर उभं राहून चालवायचं, खऱ्यासारखं. विमान गेलं होतं, पण त्याच्या पोटातली एक सर्वो मोटार जिवंत होती. काळी, आगपेटीपेक्षा थोडी मोठी. टेबलावर ठेवून सरांनी मला तिचा स्वभाव समजावला. साधी मोटार वीज दिली की फिरत सुटते. ही तशी फिरत नाही. तिला सेकंदाला पन्नास ठोके द्यायचे. ठोका किंचित लांब केला तर ती एका कोनात जाते, किंचित आखूड केला तर दुसऱ्या. आणि सांगितलेल्या जागी गेली की तिथेच राहते. बोटानं ढकलली तर कुरकुरते, जोर लावते आणि परत आपल्या जागेवर येते. फक्त ठोके चालू पाहिजेत. ठोके थांबले की सैल पडते.

मी बोटानं ढकलून बघितली. तिनं माझं बोट परत लोटलं. मला ती फार आवडली.

तो हिवाळा विद्यापीठाच्या नामांतराचा होता. पंधरा-सोळा वर्षं चाललेला वाद शेवटाला आला होता. रोज नवी अफवा, चौकात पोलिसांच्या गाड्या, आज एसटी बंद तर उद्या बाजार बंद. कॉलेजचं फाटक बंद झालं. सर मागच्याच क्वार्टरमध्ये राहत. मी सकाळी त्यांच्याकडे वही परत द्यायला गेले तर त्यांनी किट चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिलं. म्हणाले, दगड आला तर तो काचेला येतो, त्यात हे जायला नको, तुझ्या आत्याकडे राहू दे. अठ्ठ्याहत्तर सालच्या जाळपोळीत त्यांचं गावाकडचं घर गेलं होतं हे मला दुसऱ्यांकडून माहीत होतं. त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही. ज्या दिवसांत माझ्या गावचे लोक पारावर बसून त्यांच्या लोकांबद्दल नको ते बोलत होते, त्या दिवसांत त्यांनी कॉलेजची सगळ्यांत किमती वस्तू माझ्या मांडीवर ठेवली. मी ती घेतली आणि धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. डोक्यात फावडं होतं.

बंदच्या त्या दिवसांचा मला अजून वास येतो. आत्याच्या गच्चीवर वाळत घातलेले तीळ, सोल्डरिंगचा राळेसारखा धूर, खालच्या गल्लीतली विचित्र शांतता. मी पत्र्याची अडीच हात लांब पन्हळ करून घेतली होती. एका टोकाला बादली, तिची तोटी म्हणजे कालवा. पन्हळीला कडेनं दारं. मोटार एकच, त्यामुळे हलणारं दार एकच होणार होतं. बाकीची दारं पत्रा कापून, थोडी उघडी ठेवून स्क्रूनं बसवलेली. कुठलं दार हलणार याचा विचार करायला मला वेळ लागला नाही.

महिन्याभरानं परभणीत शेतीचं प्रदर्शन होतं आणि त्यात आमच्या कॉलेजची टेबलं होती. उद्घाटनाच्या पत्रिकेत प्रगतिशील शेतकरी म्हणून सत्काराला नानासाहेबांचं नाव होतं. पत्रिका मला सरांनीच दाखवली, मोटारीचा प्रोग्रॅम तपासायला आले तेव्हा. नाव वाचून मी काय बोलले ते आठवत नाही, पण त्यांना सगळं सांगितलं, चारी, पाळी, लिंब, फावडं. ते पन्हळीकडे बघत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी दारं मोजली.

"पाच," ते म्हणाले. "तुमच्या शेताच्या खाली कोण हाय?"

आमच्या शेताच्या खाली गावातल्या बौद्ध कुटुंबाचं दीड एकर होतं. सहावं दार त्यांचं. मी ते विसरले नव्हते. मला ते सुचलंच नव्हतं. आणि एकदम आठवलं की आमची पाळी संपल्यावरसुद्धा आबा दार उघडंच ठेवायचे, जरा वेळ, जरा वेळ म्हणत, आणि खालचा विठोबा बांधावर येऊन नुसता उभा राहायचा. तो हात जोडायचा. फावडं घेऊन यायची त्याची छाती नव्हती. माझे कान गरम झाले. त्या दुपारी मी पन्हळ पुढे वाढवली आणि सहावं दार कापलं. पत्रा कापताना अंगठा चिरला. बरं वाटलं.

पण त्यामुळे माझा राग निवळला असं कुणी समजू नये. उलट त्याला धार आली. नानासाहेबांच्या एका बोटाखाली चार शेतं सुकत होती आणि आम्ही खालचे एकमेकांच्या तोंडचं पाणी काढत होतो. मी प्रोग्रॅम पक्का केला. पाळीची वेळ झाली की दोन नंबरचं दार उघडायचं, वेळ संपला की मिटायचं आणि मिटलेलं धरून ठेवायचं. लाइटीचा भरवसा नव्हता म्हणून सरांनी आपल्या मोटारसायकलची बॅटरी काढून आणली आणि ते स्वतः चार दिवस पायी फिरले.

प्रदर्शनाच्या सकाळी मी प्रवेशदारालगतचं पहिलं टेबल मागून घेतलं. प्रत्येक टेबलावर शिपाई 'हात लावू नये' अशी पाटी ठेवत होता. माझ्या टेबलावरची पाटी मी उचलून खाली टाकली. त्यानं पुन्हा ठेवली. मी पुन्हा काढली आणि तिच्यावर पाय देऊन उभी राहिले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सरांनासुद्धा नाही. माझा सगळा डाव त्या पाटीवर होता. मला भाषण करायचं नव्हतं, आरोप करायचा नव्हता. माझ्यासारख्या पोरीनं आरोप केला असता तर त्यांनी हसून डोक्यावरून हात फिरवला असता. मला फक्त त्यांची दोन बोटं हवी होती.

आबांना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. धुवट धोतर, डोक्याला रुमाल, मागे खांबाला टेकून उभे. पन्हळीकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि विचारलं, सहावं दार कशाला केलंस. मी म्हटलं, आहे म्हणून.

सत्कार झाला. पाहुण्यांची रांग टेबलांकडे आली. पुढे पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब, त्यांच्या बाजूला नानासाहेब, खांद्यावर नवी शाल, हातात नारळ. मी तोटी सोडली. पाणी पन्हळीतून निघालं, एक नंबरला गेलं, मग दोन नंबरचं दार आपोआप उघडलं आणि नानासाहेबांच्या मातीच्या ट्रेमध्ये पाणी भरलं. त्यात मी मेथी पेरली होती, प्रत्येक ट्रेमध्ये. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी चारदोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग पाळी संपली. मोटार हलकेच कुरकुरली आणि दार मिटलं. पाणी पुढे तीन नंबरकडे निघालं.

नानासाहेबांना आपली चारी कळली होती. कळणारच. लिंबसुद्धा मी लावला होता, काडीचा. ते हसत म्हणाले की पोरीनं छान खेळणं केलंय. आणि बोलता बोलता नारळ डाव्या हातात घेऊन त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं पत्र्याखाली घातली.

त्यांनी मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही. समोर दार होतं आणि ते मिटलेलं होतं, एवढंच त्यांच्या बोटांना कळलं.

दार उचललं गेलं नाही. मोटारीनं जोर लावला, बोटं खाली लोटली, दार मिटलं. कुणीतरी हसलं. नानासाहेबांनी पुन्हा उचललं. मोटारीनं पुन्हा मिटवलं. आता दहापंधरा माणसं हसली. त्यांच्या मानेवर लाली चढताना मला दिसली. पन्नाशी ओलांडलेल्या त्यांच्या आयुष्यात कुठलंही दार त्यांच्या बोटाला उलट बोललं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा लावला आणि ओढलं. आतून कट् असा बारीक आवाज आला. मोटारीच्या आतल्या चाकाचे दात तुटले. दार त्यांच्या बोटांत वर आलं.

आणि पाणी वळलं. सगळंच्या सगळं. त्यांचा ट्रे भरला, वाहू लागला, टेबलावरून खाली त्यांच्याच पायावर गळू लागला. तीन नंबरकडे निघालेली धार बारीक झाली आणि तुटली. चार कोरडा. पाच कोरडा. सहा कोरडा. हसणं थांबलं होतं. त्यांचं बोट अजून पत्र्याखालीच होतं.

साहेबांनी विचारलं, हे दार कुणाचं दाखवलंय. मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण ते माझ्या तोंडून निघायच्या आत मागच्या खांबाकडून आवाज आला. आबांचा आवाज मी इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता.

"दोन नंबरचं हाय, साहेब. आन् माजं फावडं त्याच दाराच्या वर टांगून ठिवलंय. येऊन बघा."

चार दिवसांनी साहेबांची जीप आमच्या चारीवर आली. दोन नंबरच्या दाराला कुलूप लागलं. त्या हंगामाच्या उरलेल्या दोन्ही पाळ्या टेलपर्यंत, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचल्या. अर्धा गहू गेला होता, अर्धा उठला. त्या पाळ्यांत आबांनी सहाव्या दाराला वेळेवर पाणी सोडलं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. फावडं नानासाहेबांचा एक गडी भर दुपारी आमच्या उंबऱ्याशी टाकून गेला. आबांनी त्याला हात लावला नाही. आईनं तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतलं, मयतीहून आलेल्या माणसाच्या पायावर ओततात तसं, आणि मग आत घेतलं.

मोडलेल्या मोटारीबद्दल मी सरांची माफी मागितली. त्यांनी ती कानाशी धरून हलवली, आतले तुटके दात खुळखुळले. मग ती माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाले की टेबलाखालची पाटी त्यांनी बघितली होती, सकाळीच.

कुलूप एक वर्ष टिकलं. पुढच्या हिवाळ्यात ते गंजून पडलं म्हणे. साहेब बदलून गेले, लिंबाखाली नवा पाटकरी आला, त्यालाही त्या बाजूला दिसेना. पाणी पुन्हा वरच वळू लागलं. तेव्हा मला समजलं की माझ्या हातात पाणी नव्हतंच. माझ्या हातात फक्त ती सकाळ होती आणि ती मी विझू देणार नव्हते.

म्हणून मी जायला लागले. रब्बीचं पहिलं पाणी आलं की त्या दिवशी दुपारी लिंबाखाली गाडी उभी करायची आणि रस्त्यापलीकडच्या आखाड्याकडे बघत उभं राहायचं. पहिली काही वर्षं नानासाहेब मला बघून आत निघून जायचे. मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. मग जायचे थांबले. बाजेवर बसून राहायचे. मी काही बोलत नसे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर ती सकाळ उतरली, की मी गाडीला किक मारायची. पाच मिनिटांचं काम. लग्न झालं, दुकान झालं, गाड्या बदलल्या, किक जाऊन बटण आलं, पण एक वर्ष चुकवलं नाही. आबांनी मरायच्या आधी एकदा सांगितलं होतं की आता पुरं कर, तो म्हातारा झाला. मी म्हटलं, तुमी पण झालात. आबा वळसा घालूनच म्हातारे झाले होते. फावडं उतरल्यावरसुद्धा त्यांनी त्या रस्त्यानं बाजाराला जायला कधी सुरुवात केली नाही.

औंदा पाणी आलं त्या दिवशी मी गेले. वास तोच, फेसाची ओळ तीच, दोन नंबरचं दार चार बोटं वर. आखाड्यापुढे बाज नव्हती. ती भिंतीला उभी करून ठेवली होती.

मी रस्ता ओलांडून कधी पलीकडे गेले नव्हते. त्या दिवशी पाय गेले. सून बाहेर आली, पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर. मला बघून ती दचकली नाही. तांब्या आणला, बसा म्हणाली. दिवाळीनंतर गेले म्हणाली. मग तिनं जे सांगितलं ते मी शब्द न् शब्द लक्षात ठेवलं आहे.

"पाणी सुटलं का म्हून दोन-दोन दिस आदीच इचारायचे. सुटलं म्हणलं की बाज भाईर टाकायला लावायचे. म्हणायचे, महादूची पोरगी येईल आज. लय वाट बघायचे तुमची. शेवटाला दुसरं कुणी येतच न्हवतं ना त्यान्ला भेटायला."

मी तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायले नव्हते.

कुणाला वाटेल की माझा राग तिथे विरघळला. मला तर असा राग आला की गाडीची चावी भोकात जाईना. तीस वर्षं मी त्या माणसाला शिक्षा देत होते आणि तो तिला भेट समजत होता. आमचं पाणी त्यांनी वरच्या वर वळवलं, ते वळवलंच. माझा सूडसुद्धा त्यांनी दोन बोटांनी उचलून आपल्या वावरात घेतला आणि सुखानं बघत बसले.

संध्याकाळी दुकानात आले. ड्रॉवरमधून सरांची ती काळी मोटार काढली. तंत्रनिकेतनच्या मुलींनी दुरुस्तीला टाकलेला निळा बोर्ड समोर होता. त्याला तीन वायरी जोडल्या आणि ठोके सोडले, सेकंदाला पन्नास. इतक्या वर्षांनी ती चालेल असं वाटलं नव्हतं. चालली. आत मोटार गरगर फिरत होती, जुन्या आवाजात कुरकुरत होती. दात नव्हते, त्यामुळे पातं मात्र जागचं हलत नव्हतं. मी ते बोटानं ढकललं. ते ढकललं गेलं तिथेच पडून राहिलं.

शेजारचा दुकानदार विचारून गेला की ताई, कसला आवाज येतोय. मी म्हटलं, येऊ दे. वायर काढली नाही.